वारशाने आलेल्या लोहसंचयावर रक्त काढण्याचा उपचार: रुग्णासाठी आणि घरच्यांसाठी मार्गदर्शिका

शरीरात लोह शोषून घेण्याची व्यवस्था आहे, पण साठलेले जादा लोह बाहेर टाकण्याची कोणतीही व्यवस्था निसर्गाने ठेवलेली नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या अंगात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते, रोज आतड्यातून एक-दोन मिलिग्रॅम शोषले जाते आणि झडणाऱ्या पेशींवाटे, स्त्रियांच्या बाबतीत पाळीवाटेही, साधारण तेवढेच जाते. हा तोल यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक सांभाळते. आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे वारशाने आलेला लोहसंचय, या आजारात जनुकातील दोषामुळे हेप्सिडिन कमी पडते, त्यामुळे गरज नसतानाही आतडे लोह आत घेत राहते, आणि वर्षानुवर्षे साठत गेलेले हे लोह वीस ग्रॅमच्याही पुढे जाऊ शकते. त्याचा मुक्काम मुख्यतः यकृत, स्वादुपिंड, हृदय, सांधे आणि पिट्युटरी ग्रंथी येथे असतो. थकवा, बोटांच्या मुळांशी असलेल्या सांध्यांचे दुखणे, काळवंडलेली त्वचा, मधुमेह, लैंगिक इच्छा कमी होणे, यकृताचा सिरोसिस (यकृत व्रणांनी भरून कडक होणे) ही त्याची रूपे होत.

यावरचा उपचार विसाव्या शतकाच्या मध्यापासून एकच आहे आणि तो आजही पहिल्या पसंतीचा आहे: ठरावीक अंतराने रक्त काढणे. शरीरातील सर्वाधिक लोह तांबड्या पेशींमध्ये असते. रक्त काढले की अस्थिमज्जेला नव्या पेशी घडवाव्या लागतात आणि त्यासाठी लागणारे लोह ती साठ्यातून उचलते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर याला ‘थेरप्युटिक फ्लेबोटॉमी’ असे लिहिलेले असते. प्रक्रिया रक्तदानासारखीच आहे आणि अवघड मुळीच नाही. खरी कसोटी लागते ती महिनोन्‌महिने ती नेमाने पार पाडण्यात, तिची नोंद ठेवण्यात आणि लोहाचे आकडे सुधारल्यावरही ती न सोडण्यात. म्हणून पुढील मजकुरात सुईपेक्षा सुईच्या आधी आणि नंतर काय करायचे यावर अधिक भर आहे.

सुरुवात करण्यापूर्वी निदान पक्के असावे

आपल्याकडे एक गल्लत वारंवार होते. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये फेरिटिन ५०० आले की रुग्ण घाबरतो आणि इंटरनेटवर वाचून रक्त काढून घेण्याची भाषा करू लागतो. फेरिटिन हे लोहाच्या साठ्याचे दर्शक आहे हे खरे, पण ते सूज, संसर्ग, यकृतात साठलेली चरबी, मद्यपान, स्थूलता आणि मधुमेह यांमुळेही वाढते, आणि भारतात वाढलेल्या फेरिटिनमागे बहुतेक वेळा यांपैकीच काहीतरी असते. त्यामुळे फेरिटिनबरोबर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती टक्के लोहाने भरले आहे, हे पाहणे अनिवार्य आहे. ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करावी, लोहाची गोळी चालू असल्यास डॉक्टरांना विचारून ती आधी थांबवावी, आणि ४५ टक्क्यांपेक्षा जास्त आकडा आल्यास एकदा फेरतपासणी करून खात्री करावी. सॅच्युरेशन पूर्ण नॉर्मल आणि फेरिटिन तेवढे वाढलेले, अशी जोडी असेल तर रक्त काढण्याऐवजी आधी वजन, साखर आणि यकृताची सोनोग्राफी यांकडे वळावे.

सॅच्युरेशनही वाढलेले असेल तर जनुकीय तपासणी सुचवली जाते. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत या आजाराचे मुख्य कारण म्हणजे एचएफई जनुकातील सी२८२वाय हा बदल आई व वडील दोघांकडून येणे. हे जनुक १९९६ साली सापडले. आयर्लंडमध्ये साधारण दर ८३ माणसांमागे एकाकडे ही दुहेरी प्रत असते, आणि म्हणूनच या उपचाराची सर्वाधिक सवय तिकडच्या रुग्णालयांना आहे. भारतीयांत सी२८२वाय फारच विरळा आहे. एच६३डी हा त्याच जनुकातील दुसरा बदल मात्र आपल्याकडेही बऱ्याच जणांत आढळतो. तो एकटा सापडल्याने आजार सिद्ध होत नाही, तरी प्रयोगशाळेच्या अहवालात तो ठळक अक्षरांत छापलेला पाहून उगाच धसका घेतला जातो. भारतीय रुग्णात खराखुरा लोहसंचय असेल तर हिमोजुवेलिन, हेप्सिडिन, ट्रान्सफेरिन रिसेप्टर २ किंवा फेरोपोर्टिन यांच्या जनुकांत दोष शोधावा लागतो, आणि त्यासाठी एचएफईपुरती मर्यादित तपासणी पुरत नाही. यकृतात प्रत्यक्ष किती लोह साठले आहे हे आता एमआरआयवर कळते, त्यामुळे तेवढ्यासाठी यकृताचा तुकडा काढण्याची वेळ सहसा येत नाही.

फेरिटिन १००० च्या वर असेल तर सिरोसिसची शक्यता वाढते, म्हणून यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅनसारखी तपासणी, इसीजी, हृदयाची सोनोग्राफी आणि रक्तातील साखर ही तयारी रक्त काढण्यास प्रारंभ करण्यापूर्वीच उरकावी. हृदय कमजोर असल्याचे नंतर कळले तर उपचाराची सारी आखणी बदलावी लागते.

दोन गटांसाठी हा मार्ग नाही, हे येथेच सांगणे बरे. थॅलेसेमिया मेजरच्या मुलांच्या अंगातही लोह साठते, पण ते वारंवार चढवलेल्या रक्तामुळे, आणि त्यांचे हिमोग्लोबिन मुळातच कमी असल्याने त्यांना डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन किंवा डेस्फेरिऑक्सामिन अशी लोह बांधून बाहेर काढणारी औषधे द्यावी लागतात. दुसरा गट फेरोपोर्टिनच्या एका प्रकारच्या दोषाचा: त्यात फेरिटिन भरपूर, पण सॅच्युरेशन कमी असते, आणि रक्त काढताच माणूस ॲनिमियात जातो. दोन्ही आजारांत साठा असूनही तो हिशोबात धरून रक्त काढत सुटणे धोक्याचे ठरते.

किती काढायचे आणि कुठवर

एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. हिमोग्लोबिन १४ असलेल्या माणसाचे ४५० मिलिलिटर रक्त काढले तर त्यातून ६३ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे सुमारे २१५ मिलिग्रॅम लोह जाते. ३५० मिलिलिटरच्या पिशवीत तोच आकडा १६५ च्या आसपास येतो. समजा एमआरआय व इतर तपासण्यांवरून जादा साठा पाच ग्रॅम आहे असा अंदाज निघाला, तर मोठ्या पिशवीने चोवीस-पंचवीस खेपा लागतील, मधल्या काळात आतडे शोषत राहील त्यासाठी आणखी दोन-तीन धराव्यात, आणि आठवड्याला एक खेप घेतली तरी सहा-सात महिने सहज जातात. लहान पिशवीने पंधरा दिवसांतून एकदा काढायचे ठरले तर हाच काळ सव्वा वर्षाच्या पुढे जातो. हे गणित रुग्णाला पहिल्याच भेटीत समजावून सांगितले पाहिजे, कारण चार खेपांनंतर ‘अजून किती?’ असा वैतागलेला प्रश्न येतो आणि उपचार सोडून देण्याची सुरुवात तिथूनच होते.

एका खेपेला काढायचे रक्त वजनावर ठरते. किलोमागे सात मिलिलिटर ही ढोबळ मर्यादा धरावी, म्हणजे पन्नास किलोच्या बाईंसाठी ३५० मिलिलिटर ही पिशवी पुरेशी होय. परदेशी माहितीपत्रकांत सर्रास ५०० मिलिलिटर लिहिलेले असते, ते तिकडच्या देहयष्टीला धरून आहे. आपण तो आकडा जसाच्या तसा उचलू नये. वयस्कर, हृदयविकाराच्या किंवा सिरोसिसच्या रुग्णात आणखी कमी रक्त, जास्त अंतराने, आणि गरजेप्रमाणे शिरेतून सलाइन देत काढले जाते.

पहिला टप्पा फेरिटिन ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली येईपर्यंत चालतो. दर खेपेपूर्वी हिमोग्लोबिन पाहावे. ते १२ च्या खाली आले तर अंतर वाढवावे आणि ११ च्या खाली गेल्यास थांबून डॉक्टरांशी बोलावे. फेरिटिन सुरुवातीला महिन्यातून एकदा पुरते, पण ते २०० च्या खाली उतरल्यावर एक-दोन खेपांनंतर लगेच तपासावे, कारण तेथून पुढे लक्ष्य ओलांडून खाली घसरायला वेळ लागत नाही. लोह जितके कमी तितके चांगले, ही समजूत चुकीची आहे. लोह अगदी संपवले तर उरलेसुरले हेप्सिडिन आणखी कमी होते आणि आतडे अधिकच हावरटपणे लोह ओढू लागते, शिवाय थकवा येतो तो वेगळाच.

सुरुवातीच्या काही खेपांत फेरिटिन हलतच नाही, कधी थोडे वाढलेलेही दिसते. सर्दी-ताप, दाताचा संसर्ग किंवा कसलीही सूज असली की असे होते. दोन-तीन महिन्यांचा कल पाहावा, एका आकड्यावरून निराश होऊ नये. याउलट हिमोग्लोबिन अपेक्षेपेक्षा झपाट्याने उतरू लागले तर मूळव्याध, जठरातील व्रण किंवा अतिरिक्त पाळी अशा ठिकाणी रक्त गुपचूप जात नाही ना, हे शोधावे.

कोठे जायचे

रुग्णालयाला जोडलेले रक्तकेंद्र, ज्याला आपण सवयीने ब्लड बँक किंवा रक्तपेढी म्हणतो, ते यासाठी सर्वांत सोयीचे. हिमॅटॉलॉजी (रक्तविकार) किंवा गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी (पचनसंस्था व यकृत) विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात डे-केअरमध्येही हे होते. डॉक्टरांकडून मिळालेल्या चिठ्ठीवर निदान, एका खेपेचे प्रमाण, किती दिवसांच्या अंतराने, हिमोग्लोबिनची किमान मर्यादा आणि किती खेपांसाठी ही चिठ्ठी चालेल, हे पाचही मुद्दे लिहून घ्यावेत. नुसते ‘फ्लेबोटॉमी करावी’ एवढेच लिहिलेले असले तर रक्तकेंद्रातील डॉक्टर दर वेळी फोन लावत बसतात आणि रुग्णाचा अर्धा दिवस बाकावर जातो. शुल्क आणि आरोग्य विम्याची भरपाई याबद्दल आधीच विचारावे. चोवीस तासांपेक्षा कमी मुक्कामाच्या उपचारांबाबत प्रत्येक पॉलिसीच्या अटी निराळ्या असतात.

रक्तदान शिबिरात जाऊन काम भागवावे, असा सल्ला देणारे हितचिंतक भेटतातच, आणि महाराष्ट्रात गणेशोत्सवापासून नेत्यांच्या वाढदिवसापर्यंत शिबिरांना तोटा नाही. तरीही हा मार्ग धरू नये. भारतात दोन रक्तदानांत पुरुषाने ९० आणि स्त्रीने १२० दिवसांचे अंतर ठेवायचे असते, आणि आठवड्याला रक्त काढण्याची गरज असलेल्या माणसाला तो वेग पुरत नाही. शिवाय प्रश्नावलीत आजार लपवावा लागतो, आणि रक्त कोणाला तरी चढवले जाणार असताना खोटे लिहिणे मुळीच बरोबर नाही. आपल्याकडे उपचार म्हणून काढलेली पिशवी साधारणपणे जैववैद्यकीय कचऱ्यात टाकून नष्ट केली जाते. याची रुग्णांना हळहळ वाटते. ऑस्ट्रेलियासारख्या काही देशांत निकषांत बसणाऱ्या हिमोक्रोमॅटोसिसच्या रुग्णांचे रक्त दान म्हणून स्वीकारले जाते, त्यामुळे तेथे राहणाऱ्या मराठी रुग्णांनी तशी विचारणा जरूर करावी.

पंचकर्मातील रक्तमोक्षणाचा विषयही निघतो. जळू लावून किंवा तुंबडीने निघणारे रक्त इतके थोडे असते की वरच्या हिशोबात ते जमेसही धरता येत नाही, आणि यकृताचा आजार असलेल्या माणसाला जखमेतील संसर्ग परवडत नाही. दोन्हीची नावे जवळची वाटली तरी एकाच्या जागी दुसरे चालणार नाही.

आदल्या संध्याकाळपासून खुर्चीवरून उठेपर्यंत

आदल्या दिवशी पाणी भरपूर प्यावे आणि मद्य पूर्ण टाळावे. सकाळी नेहमीसारखा नाश्ता करावा आणि निघण्यापूर्वी तासाभरात दोन मोठे पेले पाणी, मीठ घातलेले ताक किंवा नारळपाणी घ्यावे. हृदय, मूत्रपिंड किंवा जलोदर यांमुळे पाण्यावर बंधन असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे. एकादशी, संकष्टी किंवा नवरात्राच्या उपवासाच्या दिवशी वेळ घेऊ नये. साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेला रुग्ण एक वेळ चालेल, निर्जळी उपवासाचा चालणार नाही. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मात्र खेपेनंतर चक्कर येत असेल तर त्या दिवशीची गोळी कधी घ्यायची हे विचारून घ्यावे. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास सुई टोचण्यापूर्वी सांगावे.

सैल बाह्यांचा शर्ट किंवा कुर्ता घालावा. प्रथम वजन, नाडी, रक्तदाब आणि बोट टोचून हिमोग्लोबिन पाहिले जाते. मग खुर्चीवर मागे रेलून बसवतात, दंडावर पट्टा बांधतात आणि कोपराच्या पुढच्या बाजूची ठसठशीत शीर बोटाने चाचपून शोधतात. सुई १६ गेजची, म्हणजे नेहमीच्या तपासणीच्या सुईपेक्षा चांगलीच जाड असते, कारण बारीक सुईतून जाताना पेशी फुटतात आणि पिशवी भरायला वेळ लागून रक्त नळीतच साकळते. टोचताना क्षणभर कळ येते. त्यानंतरही बोटांपर्यंत मुंग्या किंवा विजेसारखी चमक जाणवत राहिली तर सुई मज्जातंतूला लागली असण्याची शक्यता असते, तेव्हा सहन करीत न बसता त्याच क्षणी सांगावे. पिशवी हाताच्या पातळीपेक्षा खाली, डुलत्या वजनकाट्यावर ठेवलेली असते आणि ठरलेले वजन झाले की यंत्र आवाज करते. हातात दिलेला मऊ चेंडू सावकाश दाबत राहिल्यास दहा-पंधरा मिनिटांत काम होते. त्या दिवशी फेरिटिनही पाहायचे असेल तर नमुना याच सुईतून घ्यायला सांगावे, म्हणजे दुसरे टोचणे वाचते.

भोवळ येण्याआधी शरीर सूचना देते: जांभया, कपाळावर गार घाम, मळमळ, कानात आवाज, डोळ्यांपुढे अंधारी. यातले काहीही जाणवले की लगेच बोलावे. खुर्ची मागे करून पाय वर घेतले, रक्त काढणे थांबवले, मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू आवळले, की बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत बरे वाटते. लाजेखातर गप्प बसणारे पुरुषच अधिक वेळा बेशुद्ध पडतात, असे रक्तकेंद्रातील कर्मचारी हसत हसत सांगतात.

सुई काढल्यावर कापूस सरळ हाताने घट्ट दाबून धरावा. कोपर दुमडून कापूस चेपण्याची आपली सवय सोडावी, कारण हात उघडताच रक्त पुन्हा झिरपते आणि काळानिळा डाग पडतो. पंधरा-वीस मिनिटे तेथेच बसून काहीतरी खाऊन-पिऊन मगच उठावे. पहिल्या दोन-तीन खेपांना सोबत कोणीतरी असावे आणि दुचाकी चालवत परतू नये.

घरी आल्यावर

त्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा जास्त प्यावे, जड वजन त्या हाताने उचलू नये, कडकडीत पाण्याने अंघोळ आणि मद्य टाळावे. व्यायाम दुसऱ्या दिवसापासून हळूहळू सुरू करावा. यंत्रावर, उंचीवर किंवा बसच्या स्टिअरिंगवर काम असणाऱ्यांनी खेप सुटीच्या आदल्या दिवशी ठेवावी. डाग पडल्यास पहिल्या दिवशी थंड शेक द्यावा. हात सुजणे, बोटे बधिर राहणे, पुन्हा पुन्हा भोवळ येणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे यासाठी मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

घरातली खरी अडचण वेगळीच असते. रक्त काढले म्हणजे अशक्तपणा आला, आणि अशक्तपणा आला म्हणजे ‘रक्त वाढवणारे’ द्यायचे, हा आपल्या घराघरांतला पक्का संस्कार आहे. सासूबाई अळिवाचे लाडू करतात, शेजारच्या काकू खजूर आणून देतात, बीटाचा रस सुरू होतो, आणि हिमोग्लोबिन ११.८ पाहून नवखा डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देतो. यातले लाडू आणि खजूर अधूनमधून खाल्ल्याने फार बिघडत नाही. लोहाची गोळी, लोहयुक्त टॉनिक, लोहभस्म आणि मंडूरभस्म यांनी मात्र महिन्याभराची मेहनत वाया जाते. फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने ‘आनुवंशिक लोहसंचय: लोहाचे कोणतेही औषध देऊ नये’ असे लिहून ठेवावे आणि घरच्यांना एकदा बसवून समजावून सांगावे. मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यावर मागच्या बाजूस बारीक अक्षरांत लोह लिहिलेले असते, तेही वाचावे.

आहाराबाबत एवढेच म्हणेन की त्याचा बाऊ करू नये. एका खेपेत जेवढे लोह निघते तेवढे ताटातून वाचवायला महिने लागतील, त्यामुळे पथ्य हे रक्त काढण्याला पर्याय होत नाही. लाल मांस आणि काळीज कमी करावे. पालेभाज्या, डाळी, भाकरी सोडण्याचे कारण नाही, कारण वनस्पतींतले लोह तसेही कमी शोषले जाते. लिंबू, आवळा, पेरू नेहमीइतके चालतात, पण क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण त्या लोहाचे शोषण वाढवतात. रोजची आंबट आमटी लोखंडी कढईत शिजवू नये, तव्यावरच्या भाकरीची चिंता करू नये. रेशनवरचा तांदूळ फोर्टिफाइड असल्यास त्यात लोह मिसळलेले असते, मिठाच्या काही प्रकारांतही असते. शक्य असेल तेथे साधा तांदूळ आणि साधे आयोडीनयुक्त मीठ निवडावे. जेवणाबरोबर चहा घेतल्याने लोहाचे शोषण घटते, त्यामुळे जेवल्याजेवल्या चहा मागणाऱ्याला बोलणी खावी लागू नयेत असा हा बहुधा एकमेव आजार असावा. मद्याबाबत मात्र सवलत नाही: लोह आणि मद्य एकत्र आले की यकृताची हानी कित्येक पटींनी वाढते, आणि सिरोसिस असेल तर एक थेंबही नको. कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: कालवे, तिसऱ्या असे शिंपल्यांतले जीव पूर्ण शिजवूनच खावेत. खाऱ्या पाण्यातील एक जिवाणू लोह भरलेल्या शरीरात झपाट्याने वाढतो आणि जीवघेणा ठरू शकतो, म्हणून कच्चे कालव खाणे आणि पायाला जखम असताना खाडीत उतरणे दोन्ही टाळावे. हिपॅटायटिस ए आणि बी यांच्या लसी घेतलेल्या नसतील तर घ्याव्यात.

मधुमेह असणाऱ्यांनी एक बारकावा लक्षात ठेवावा. वारंवार रक्त काढल्याने अंगातील तांबड्या पेशी सरासरीने तरुण असतात आणि त्यांच्यावर साखर चढायला वेळ मिळालेला नसतो, म्हणून एचबीए१सी खोटे कमी येते. तीन महिन्यांची ही सरासरी ६.२ पाहून औषध कमी करण्यापूर्वी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर मोजून पाहावी.

वही

मोबाइलमधल्या फोटोंच्या ढिगात जुना अहवाल सापडत नाही, म्हणून साधी दोनशे पानी वही करावी. एक नोंद अशी असेल: ‘खेप ९. वजन ६४. हिमोग्लोबिन १३.१. रक्तदाब १२४/८०. डावा हात. ४५० मिलि, १२ मिनिटे. भोवळ नाही. फेरिटिन ६८०, मागील महिन्यात ८१०.’ हाताची नोंद अशासाठी की शक्यतो आलटून पालटून हात वापरले तर शिरेवर व्रण कमी पडतात, आणि पुढची कित्येक वर्षे हीच शीर लागणार आहे. वर्षभर खेपा चालणार असतील तर बी-१२ आणि फॉलिक ॲसिडही अधूनमधून पाहावे. नव्या पेशी घडवताना ती दोन्ही खर्ची पडतात, आणि शाकाहारी माणसात बी-१२ बऱ्याचदा आधीच तळाला असते.

लक्ष्य गाठल्यावर

फेरिटिन ५० च्या खाली आले की देखभालीचा टप्पा सुरू होतो आणि तो जन्मभर चालतो. ते साधारण ५० ते १०० च्या दरम्यान राहील अशा बेताने बहुतेकांना वर्षातून दोन ते सहा वेळा रक्त काढावे लागते. लोह साठण्याचा प्रत्येकाचा वेग निराळा असल्याने पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी फेरिटिन पाहून आपले अंतर ठरवावे. पाळी येणाऱ्या स्त्रियांना कमी खेपा पुरतात, रजोनिवृत्तीनंतर त्या वाढवाव्या लागतात, आणि गरोदरपणात उपचार बहुधा थांबवला जातो.

कोणत्या तक्रारी जातील आणि कोणत्या राहतील, हे आधीच माहीत असलेले बरे. थकवा, त्वचेचा काळसरपणा, यकृताची वाढलेली एन्झाइम्स आणि हृदयाची कमजोरी यांत चांगली सुधारणा होते, काहींची साखरही आटोक्यात येते. सांधेदुखी मात्र बहुतेकदा तशीच राहते, कधी वाढतेही, आणि ‘एवढे रक्त दिले तरी बोटे दुखतातच’ म्हणून उपचार सोडणारे सांध्यांवरचा राग यकृतावर काढत असतात. सिरोसिस होण्यापूर्वी लोह उतरवले तर आयुर्मान इतरांसारखेच राहू शकते. सिरोसिस झाल्यानंतर लोह उतरवले तरी यकृताच्या कर्करोगाचा धोका पुरता जात नाही, म्हणून फेरिटिन कितीही सुंदर असले तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये.

ज्यांच्या शिरा सापडतच नाहीत किंवा ज्यांना दर खेपेला त्रास होतो, त्यांच्यासाठी यंत्राने फक्त तांबड्या पेशी वेगळ्या काढून उरलेले रक्त परत देण्याची पद्धत मोठ्या केंद्रांत उपलब्ध आहे. तिच्यात खेपा कमी लागतात, खर्च अधिक येतो. तेही न झेपल्यास लोह बांधणाऱ्या गोळ्यांचा विचार तज्ज्ञ करतात.

भावंडांची तपासणी

निदान एकाचे होते, पण आजार घराण्यात असतो. आई-वडील दोघेही दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. त्यामुळे सर्व प्रौढ भावंडांचे फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि रुग्णात सापडलेला विशिष्ट जनुकीय बदल तपासावा. मुलांचा धोका जोडीदारावर अवलंबून असतो. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. अशा लग्नात दोघांकडे तोच विरळा दोष असण्याची शक्यता वाढते, तेव्हा मुलांची तपासणी लांबवू नये. परदेशात जोडीदार उत्तर युरोपीय वंशाचा असेल तर रुग्णाबरोबर त्याचीही एचएफई तपासणी करून घ्यावी, कारण तिकडे सी२८२वायचे वाहक सर्रास आढळतात. हिमोजुवेलिन किंवा हेप्सिडिनच्या दोषाने होणारा आजार तिशीच्या आतच हृदय आणि जननग्रंथी गाठतो, म्हणून रुग्णात यांपैकी एखादा दोष सापडला असेल तर विशीतल्या भावाला ‘तुझे अजून वय नाही’ असे सांगून थांबवू नये. भावंडात जनुकीय दोष निघाला पण फेरिटिन नॉर्मल असेल तर लगेच रक्त काढण्याची गरज नसते. वर्षातून एकदा फेरिटिन आणि सॅच्युरेशन पाहावे आणि तोवर इतरांसारखे रक्तदान करता येईल का, हे आजाराची माहिती देऊन रक्तकेंद्राच्या डॉक्टरांनाच विचारावे.